लेस्टर सिटी: यंदा पुन्हा खाली जातोय का आपण? (मॅनेजर, खेळाडू, मालक, सगळी भडास इथेच)

बेलग्रेव्हकर
२२ फेब्रुवारी २०२५, सकाळी ८.०५

काल रात्री ब्रेंटफर्डने आपल्या किंग पॉवर स्टेडियमवर येऊन आपल्याला ४-० धुतलं. मध्यंतरालाच तीन झाले होते. घरी आल्यावर घास उतरेना, तर बायको म्हणाली, "हरलं की जेवायचं नाही असं असेल तर तू डिसेंबरपासून उपाशीच हवास." बरोबर आहे तिचं. जेवलो, झोपलो, आणि आता धागा काढतोय.

टेबल बघवत नसेल त्यांच्यासाठी: प्रीमियर लीगमध्ये २६ मॅच, १७ गुण, आणि शेवटचे तिघे एक पातळी खाली जातात. लीगमध्ये घरच्या मैदानावर सलग सहा पराभव, आणि सहांत मिळून आपला गोल शून्य. वुल्व्हज, मँचेस्टर सिटी, पॅलेस, फुलम, आर्सेनल, आता ब्रेंटफर्ड. घरी लीगमधला शेवटचा गोल ८ डिसेंबरला ब्रायटनविरुद्ध मारला होता.

काल लोक शिव्यासुद्धा देत नव्हते. सत्तराव्या मिनिटानंतर नुसता निळ्या खुर्च्या मिटण्याचा आवाज. खट, खट, खट. माणूस उठला की खुर्ची आपोआप मिटते ना, तो. अकरा वर्षांचा मुलगा शेजारी बसून मोजत होता. ओळीतल्या सतरा झाल्यावर म्हणाला, "बाबा, आपणपण?" म्हटलं, नाही, आपण शेवटपर्यंत. मग ८९ व्या मिनिटाला चौथा गोल बघितला आणि निघालो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांत पाचवा मॅनेजर बघतोय: रॉजर्स, डीन स्मिथ, मारेस्का, कूपर, आता रूड. मॅनेजर बदलून काही होत नाही, कारण सडलंय ते २०२२ च्या उन्हाळ्यापासून. त्या वर्षी श्मायकल गेला, फोफाना चेल्सीला विकला, आणि एवढे पैसे येऊन मैदानात उतरवायला माणूस घेतला एक: वाऊट फास. त्याआधी २०२० आणि २०२१ ला ओळीने पाचवे आलो होतो, २०२१ ला एफए कप जिंकला होता. तिथून हे. बोला.


३४गुण
२२ फेब्रुवारी २०२५, दुपारी १.४०

फास आल्यापासून आपण खाली बघतोय हे खरं, पण मॅनेजरला इतकं सोडू नका. कूपरच्या १२ मॅचमध्ये १० गुण होते, टेबलात सोळावे होतो. चेल्सीकडून २-१ हरलो आणि दुसऱ्या दिवशी हाकलला. रूडच्या १३ मॅचमध्ये ७ गुण आहेत. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं गणित आहे.

कूपरचा गुन्हा एकच, तो आधी आपल्या वैऱ्यांकडे, नॉटिंगहॅम फॉरेस्टला होता. लोकांनी पहिल्या दिवसापासून त्याला आपलं मानलंच नाही. साउदॅम्प्टनला ०-२ वरून ३-२ जिंकलो तेव्हाही "नशीब" म्हणाले. त्याला काढला तेव्हा आपले वीर कुठे होते? कोपनहेगनला, पार्टीत. चेल्सीला गेलेल्या जुन्या मॅनेजरची आठवण येते असा फलक तिथे झळकल्याचे फोटो सगळ्या पेपरांत आले. अशा ड्रेसिंग रूमला कुठला मॅनेजर पुरणार?

(आयडीचा अर्थ विचारणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा: २८ मे २०२३. आपण वेस्ट हॅमला २-१ हरवलं, तिकडे डुकुरेने एव्हर्टनसाठी एक मारला, ते ३६ आणि आपण ३४, म्हणून आपण खाली. तो आकडा विसरायचा नाही म्हणून नावच ते घेतलं.)


गनर_डोंबिवली
२२ फेब्रुवारी २०२५, दुपारी २.०२

आमच्या आर्सेनलकडे स्ट्रायकर उरला नव्हता. मिडफिल्डर मेरिनोला ६९ व्या मिनिटाला पुढे उभा केला. त्याने तुमच्याकडे येऊन दोन मारले. धन्यवाद, पुन्हा येऊ.


पेठेतला_स्टॉपर
२२ फेब्रुवारी २०२५, दुपारी २.३०

ओ डोंबिवली, तुमचा शेवटचा लीगचा किताब २००४ चा. आमच्या कपाटात २०१६ चा हाय. बसा खाली.

बाकी रूडबद्दल बोलतो. हा माणूस मँचेस्टर युनायटेडचा हंगामी मॅनेजर असताना दोनदा आपल्याशी खेळला. लीग कपमध्ये ५-२, लीगमध्ये ३-०. आणि तीन आठवड्यांत आपण त्यालाच नोकरी दिली. म्हणजे ज्याच्याकडून मार खाल्ला त्यालाच तालमीचा वस्ताद केला. आता मला सांगा, त्यानं आपल्याला हरवलं ते त्याच्या डोक्यानं का आपल्या बचावफळीच्या कृपेनं? हे कुणी इचारलंच नाही वाटतं.

मी पंधरा वर्षं स्टॉपर खेळलोय, त्यामुळं डोळा आधी तिथंच जातो. फास आणि वेस्टरगार्ड दोघं एकमेकांकडं बघतच नाहीत. एक पुढं सरकला की दुसऱ्यानं मागं झाकायचं, एवढं साधं. बॉल आला की दोघंबी बॉलकडं बघतात आणि मधनं माणूस पळतोय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजीच्या मॅचला अशी चूक केली असती तर गॅलरीतनं नारळ आला असता.


शून्यशून्य
२२ फेब्रुवारी २०२५, रात्री १०.५०

वुल्व्हज बोर्नमथला जाऊन १-० जिंकले. ते २२, आपण १७. पाच गुणांचा फरक, आणि मॅच दोघांच्याही २६.

झोपतो.


कूपरेज_जुना
२३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ९.१५

मुलांनो, १२ मॅच शिल्लक आहेत. २०१४-१५ आठवा. १४० दिवस तळाला होतो. नाताळला तळाला, एप्रिल उजाडला तरी तळाला. मग शेवटच्या ९ पैकी ७ जिंकून ४१ गुणांवर चौदावे आलो. आणि पुढच्या वर्षी काय झालं ते जगाने पाहिलं. मी ती रात्र टीव्हीसमोर काढली होती, आणि मंडळींनी पहाटे तीनला विचारलं होतं, "कोण गेलं?" इतका मोठ्याने ओरडलो होतो.


३४गुण
२३ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.२०

काका, आदर आहे, पण त्या संघात कांबियासो होता, महारेझ होता, मॉर्गन आणि हुथ होते, आणि वार्डी २८ वर्षांचा होता. आता वार्डी ३८ चा आहे आणि अजूनही आपला सगळ्यात धोकादायक खेळाडू तोच. यातच सगळं आलं.

तेव्हाचा मॅनेजर पिअर्सन, त्याच्या त्या संघाकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, आणि चिडही होती. या संघाला चीड कशाची आहे ते मला दिसलेलं नाही. टॉटनहॅमला २६ जानेवारीला मागे पडून २-१ जिंकलो, वार्डी आणि एल खानूस. वाटलं आता गाडी लागली रुळाला. पुढच्याच मॅचला एव्हर्टनने ४-० मारले. वार करायचा आणि लगेच तलवार म्यान.


मिसळ_आणि_मॅच
२३ फेब्रुवारी २०२५, दुपारी १२.१०

एफए कपचं कोणी बोलत नाही. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला १-० पुढे होतो, मग बरोबरी झाली. ९३ व्या मिनिटाला मग्वायर उघड उघड ऑफसाइड, हेडर, गोल, आणि त्या फेरीला व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय) नाही. आपणच घडवलेला, आपणच ८० मिलियनला विकलेला मग्वायर! रूड नंतर म्हणाला की फर्गी टाइममध्ये (युनायटेडच्या शेवटच्या मिनिटांतल्या गोलांना म्हणतात तसं) नाही, ऑफसाइड टाइममध्ये हरलो. अख्ख्या सीझनमधली त्याची सगळ्यात चांगली चाल ती एवढीच.


बेलग्रेव्हकर
२३ फेब्रुवारी २०२५, रात्री ८.३०

सगळ्यांचं वाचलं. मॅनेजरवरून भांडण चालू राहू दे. मला वेगळं काहीतरी बोलायचंय, जे इथे लेस्टरात मोठ्याने बोलायला जीभ रेटत नाही.

स्टेडियमबाहेर निदर्शनं होतायत. फुटबॉल डायरेक्टर रडकिन यांचं नाव घेऊन "चालते व्हा" म्हणतात लोक. नाव आपल्या भाषेत चिडवायला सोपं आहे, पण तो विनोद चार वेळा झाला, आता पुरे. तर, रडकिनना जा म्हणायला कोणाची हरकत नाही. पण त्याच्या वरच्या माणसाचं नाव आलं की माझ्या आजूबाजूचे सगळे गप्प होतात. मीही.

कारण विचाय, आधीचे मालक. २०१० ला त्यांनी क्लब घेतला तेव्हा आपण दुसऱ्या पातळीवर होतो, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी तर इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या पातळीवर घसरलो होतो. तिथून सहा वर्षांत प्रीमियर लीगचं विजेतेपद. वाढदिवसाला स्टेडियममध्ये बिअर आणि डोनट फुकट. शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलला २० लाख पौंड. आणि मग २७ ऑक्टोबर २०१८, वेस्ट हॅमची मॅच संपल्यावर त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्टेडियमवर गेलो. दिवाळी दहा दिवसांवर होती म्हणून बेलग्रेव्ह रोडवर झेंडू मिळत होता, तोच घेतला. तिथे फुलं, स्कार्फ, जर्सी यांचा ढीग, आणि एक शीख आजोबा प्रत्येक पुष्पगुच्छ उचलून नीट ओळीत लावत होते, कोणी न सांगता. एवढी गर्दी आणि आवाज नाही.

त्या माणसाचा मुलगा आज मालक आहे. त्याला "जा" कसं म्हणायचं? सीग्रेव्हला १०० मिलियनच्या घरातलं ट्रेनिंग ग्राउंड त्यानेच उभं केलं. पण कोविडमध्ये त्यांचा ड्युटी-फ्रीचा धंदा बसला, आणि तेव्हापासून क्लबमध्ये निर्णय कोण घेतं, कशावर घेतं, कोणीच येऊन सांगत नाही. जानेवारीच्या विंडोत पैसे देऊन आणलेला एकच, पार्माचा वोयो कुलिबाली. खाली जाणारा संघ, आणि एक राइट बॅक.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे उपकार आहेत म्हणून त्याच्या मुलाला व्यवहार विचारायचा नाही, असं आपल्याकडे चालतं. ते कुठे जातं हेही आपण पाहिलेलं असतं.


आकडेमोड
२४ फेब्रुवारी २०२५, दुपारी ४.४५

मी सीए, त्यामुळे मला ताळेबंद वाचायची खोड. २०२२-२३ चा बघा. उत्पन्न १७७ मिलियन पौंड. पगार जवळजवळ २०६ मिलियन. म्हणजे शंभर रुपये मिळवणाऱ्या घरात एकशे सोळा रुपये नुसते पगारालाच. बाकी खर्च वेगळा. तोटा ८९.७ मिलियन, त्याआधीच्या वर्षी ९२.५. तेव्हाचा नियम असा की तीन वर्षांत मिळून १०५ च्या वर तोटा नको. तुम्हीच करा बेरीज.

मग आपल्याला गुण का नाही कापले? यातली गंमत बघा. आपलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. २०२३ ला रेलिगेट झाल्यावर, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेल्यावर, जूनच्या मध्यालाच आपण प्रीमियर लीगमधला शेअर सोडला होता. वकिलांनी सांगितलं, वर्ष संपलं त्या दिवशी आम्ही तुमचे सदस्यच नव्हतो, तुमचा अधिकार आमच्यावर चालत नाही. सप्टेंबरमध्ये अपिलात जिंकलो. एव्हर्टन आणि फॉरेस्टला गेल्या सीझनला गुण गमवावे लागले, आपण तारखेवर सुटलो. त्यामुळे इतर क्लबांचे लोक आपल्यावर का जळतात ते समजून घ्या.

आता खालचं. रेलिगेट झालेल्या क्लबला पॅराशूटचे पैसे मिळतात. पहिल्या वर्षी टीव्हीच्या समान वाट्याच्या ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. पण एकच सीझन वर राहून खाली गेलात तर तिसरं वर्ष नाही. आपण एकच सीझन वर आहोत. म्हणजे दोन वर्षांत परत आलो तर ठीक.


पेठेतला_स्टॉपर
२४ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.०५

साहेब, एकशे सोळा रुपये पगार घेणाऱ्यांनी घरच्या मैदानात सहा मॅचला एक गोल मारला नाही हे ताळेबंदात कुठं दाखवायचं?


आकडेमोड
२४ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६.२०

बुडीत कर्ज.


मिसळ_आणि_मॅच
१७ मार्च २०२५, सकाळी ९.३०

धागा वर काढतोय. वेस्ट हॅम ०-२, चेल्सी ०-१, काल युनायटेड ०-३. महिनोन्महिने गोल न सापडलेल्या हॉयलुंडलाही आपल्याकडे सापडला. आपलं मैदान म्हणजे हरवलेल्या वस्तूंचा काउंटर झालंय.

चांगलं एकच. चेल्सीला पामरची पेनल्टी हर्मनसनने अडवली. प्रीमियर लीगमध्ये पामरने आजवर एकही चुकवली नव्हती. हा गोलकीपर उन्हाळ्यात राहत नाही, लिहून ठेवा.


शून्यशून्य
१७ मार्च २०२५, सकाळी ९.४१

लिहिलं.


कूपरेज_जुना
२६ मार्च २०२५, सकाळी ८.००

काल शिलाँगला भारत-बांगलादेश कोणी पाहिली का? ०-०. छेत्री निवृत्तीतून परत आला, पण डोळे सगळ्यांचे हमझा चौधरीवर. लेस्टरच्या अकादमीतला, लफबरोचा पोरगा, आईच्या बाजूने बांगलादेशी, पहिलीच मॅच आणि तीही आपल्याविरुद्ध. सगळ्या मैदानात एकटा वेगळ्या वेगाने विचार करत होता.


पेठेतला_स्टॉपर
२६ मार्च २०२५, सकाळी ८.४०

काका, आणि तो आपल्याला मिडफिल्डमध्ये नकोय. जानेवारीत शेफिल्ड युनायटेडला लोनवर दिलाय. आपण स्किपला वीस मिलियनच्या वर देऊन आणलं. मी काय म्हणतो, हमझा काय लई मोठा खेळाडू हाय असं नाही. पण निदान टॅकल तरी करतो. परवा मित्राला म्हटलं, लेस्टरच्या मिडफिल्डला जो नकोसा झाला त्याला अडवता अडवता आपल्या राष्ट्रीय संघाच्या तोंडाला फेस आला. त्यानं फोन ठेवला.


बेलग्रेव्हकर
८ एप्रिल २०२५, सकाळी ७.३०

काल न्यूकॅसल ०-३. घरी सलग आठ, गोल शून्य. इंग्लंडच्या वरच्या चार पातळ्यांत हा विक्रम कोणाच्याच नावावर नव्हता, आता आपल्या.

पण काल एक क्षण असा आला की स्टेडियम उभं राहिलं. जेरेमी मोंगा आत आला. वय १५ वर्षं २७१ दिवस. त्याच्या जर्सीवर छातीवर काही नाही, कोरी. कारण आपला स्पॉन्सर जुगाराची कंपनी, आणि पोरगा अल्पवयीन. दहा जण जुगाराची जाहिरात घालून खेळतायत आणि एक जण कोऱ्या निळ्या शर्टात. पहिला बॉल मिळाला तो घेऊन थेट माणसाच्या अंगावर गेला. बाकीचे अख्खी संध्याकाळ मागे पास देत होते.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो दहावीत आहे." म्हटलं, हो. "मग त्याचा होमवर्क?" म्हटलं, तू तुझा केलास का?


३४गुण
८ एप्रिल २०२५, सकाळी १०.१०

पंधरा वर्षांच्या पोराच्या धाडसावर टाळ्या वाजवायची वेळ आली, हे त्या दहा जणांना लागायला हवं. लीगमध्ये सलग आठ पराभव, आठांत गोल शून्य. आता रूडला ठेवा किंवा काढा, मला काही म्हणायचं नाही. फेब्रुवारीत बेलग्रेव्हकरांशी भांडलो होतो. मॅनेजरची चूक होती हे मी अजून सोडत नाही, पण दोघांचे मिळून आकडे एवढे वाईट आहेत की त्यातला कोण कमी वाईट यावर किती दिवस टंकायचं?


गनर_डोंबिवली
८ एप्रिल २०२५, सकाळी १०.३२

चिडवायला आलो होतो, पण आठ मॅच वाचून परत चाललो. सांभाळा रे.


मिसळ_आणि_मॅच
२० एप्रिल २०२५, रात्री ११.१५

संपलं. लिव्हरपूल ०-१. बदली म्हणून आलेल्या ट्रेंटने ७६ व्या मिनिटाला मारला. ३३ मॅच, १८ गुण, घरी सलग नववा पराभव गोलशिवाय. पाच मॅच हातात ठेवून खाली.

साउदॅम्प्टन आधीच गेलेत, इप्सविचचंही ठरल्यातच आहे. म्हणजे वर आलेले तिघेही परत खाली, सलग दुसऱ्या वर्षी.


कूपरेज_जुना
२१ एप्रिल २०२५, सकाळी ७.५०

तुम्ही सगळे तरुण आहात म्हणून सांगतो. मी ज्या क्लबसाठी कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून घसा फोडला तो महिंद्रा युनायटेड. २००६ ला नॅशनल लीग जिंकली. २०१० ला क्लब बंद. रेलिगेट नाही झाला, बंद. एक दिवस पेपरात बातमी आली आणि संपलं. पुण्यातल्यांना पुणे एफसी आठवत असेल. आय-लीग खेळणारा चांगला संघ, तोही गेला.

त्यानंतर मी रविवारी काय करायचं? एक-दोन सीझन नुसता कूपरेजवर जाऊन कुठलीही मॅच बघायचो. मग २०१४ ला मुलाने घरी केबलवर प्रीमियर लीग लावली, तळाला असलेला एक निळा संघ दिसला, आणि बसलो.

लेस्टर ऑगस्टमध्ये चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर, खेळणार आहे. मैदान तेच, रंग तोच, शेजारी बसणारा माणूस तोच. टेबलात खालून वर मोजायची सवय आहेच मला.


बेलग्रेव्हकर
२१ एप्रिल २०२५, दुपारी १.००

काका, ऑगस्टमध्ये या इकडे. तिकीट माझ्याकडून.


पेठेतला_स्टॉपर
२५ एप्रिल २०२५, सकाळी ९.००

वार्डी चालला. काल सांगून टाकलं त्यानं. २०१२ ला फ्लीटवुडहून एक मिलियनला आणला होता, नॉन-लीगमधला खेळाडू एवढ्याला घेतला म्हणून लोक हसले होते. सलग ११ मॅचमध्ये गोल. गोल्डन बूट, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल, ३३ व्या वर्षी. तेरा वर्षं.

आता मला सांगा, दुसरा कोण गेला तर तुम्हाला असं वाटंल? मला तर एकाचं बी नाव आठवंना.


आकडेमोड
२५ एप्रिल २०२५, सकाळी ९.२५

तेच तर सांगतोय दोन महिने. २०१६ नंतर एक विकून दोन घ्यायचे, हेच क्लबचं धोरण होतं आणि ते चाललंही. कांटे, महारेझ, मग्वायर, चिलवेल, सगळे वेळेवर आणि महाग विकले. मग कोविडनंतर हात आखडला. टीलमन्सचा करार संपू दिला, फुकट गेला. सोयुंचू फुकट गेला. मॅडिसन आणि बार्न्स खाली गेल्यावर विकावे लागले, म्हणजे पडत्या भावात. वार्डीची जागा घेणारा माणूस पाच वर्षं शोधतोय. इहिअनाचो आला, गेला. डाका आला, मॉस्कोत एका मॅचला चार मारले आणि नंतर विसरला. म्हातारा होईस्तोवर वार्डीलाच पळवला.


शून्यशून्य
३ मे २०२५, रात्री ९.४०

गोल. घरच्या मैदानावर. लीगमध्ये. आपला.

साउदॅम्प्टन २-०. वार्डी आणि आयू. १४६ दिवस झाले होते, मोजलेत मी. आता माझा आयडी बदलू का?


३४गुण
३ मे २०२५, रात्री ९.५५

ज्यांच्याकडे पूर्ण सीझनचे आपल्यापेक्षाही कमी गुण आहेत त्यांच्याविरुद्ध. थांबा जरा.


बेलग्रेव्हकर
१८ मे २०२५, रात्री ९.१०

आत्ताच आलो. इप्सविचला २-० हरवलं. दोन रेलिगेट झालेले संघ, टेबलाच्या दृष्टीने शून्य किमतीची मॅच, आणि स्टेडियम खच्चून भरलेलं.

वार्डीची लेस्टरसाठी ५०० वी मॅच. १९९ गोलवर होता. २८ व्या मिनिटाला बॉल मागून आला, तो बचावपटूच्या खांद्यावरून पुढे निघाला आणि बूट लावला. २००. माझ्या पुढच्या ओळीतला साठीचा गोरा माणूस, दहा वर्षांत माझ्याशी "ऑलराइट?" यापलीकडे बोललेला नाही, तो वळला आणि माझ्या मुलाला उचलूनच घेतलं त्याने. मुलगा आता चांगला जड आहे, त्यामुळे दोघे जवळजवळ खालच्या ओळीत गेले.

२०१६ ला विक्टोरिया पार्कात हाच मुलगा दोन वर्षांचा, माझ्या खांद्यावर होता. त्या वर्षीचा पुठ्ठ्याचा क्लॅपर अजून आमच्या कपाटावर आहे, दुमडलेला, एका कोपऱ्याला त्याने चावलेला. आज निघताना त्याने तो पिशवीत टाकला होता, मला न सांगता. वार्डीला बदली केलं तेव्हा बाहेर काढला आणि वाजवला. आवाज काही येत नाही त्यातून आता, पुठ्ठा मऊ पडलाय.

परत येताना गाडीत त्याचे प्रश्न: रूड राहणार का, हर्मनसन राहणार का, मोंगाला रोज खेळवणार का, गुण कापणार का. एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं ते अजून काही बोललेले नाहीत. सीझन तिकिटाचं नूतनीकरण मात्र वेळेवर आलंय इमेलवर. भरले पैसे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथे कोणी ओळखीचं असेल तर कृपया गप्प राहा.


गनर_डोंबिवली
१८ मे २०२५, रात्री ९.३०

वार्डीला आमच्याकडूनही सलाम. आमच्याविरुद्ध किती मारलेत ते नका काढू. २०१६ ला आम्ही त्याला घ्यायला निघालो होतो, तो नाही म्हणाला. तेव्हा राग आला होता.


मिसळ_आणि_मॅच
१९ मे २०२५, सकाळी १०.००

बेलग्रेव्हकर, आता शीर्षक बदला की. "खाली जातोय का" काय, गेलो ना.


बेलग्रेव्हकर
१९ मे २०२५, सकाळी १०.२०

राहू दे. पुढच्या वर्षी नवा धागा काढायचा त्रास वाचेल.